भांबूताईची अडवही

वेबसाइट बनवणाऱ्या त्या छोट्या ऑफिसात भांबूताईला एकाच गुणासाठी ठेवलं होतं, आणि तो म्हणजे तिला काही कळत नाही. हे कुणी तिच्या पाठीमागे कुजबुजत नसे. तोंडावर म्हणत, तेही कौतुकाने. "ताईंना कळलं ना? मग जगात कुणालाही कळेल," असं साहेब नव्या क्लायंटला सांगायचे, आणि भांबूताई शेजारच्या टेबलावर बसून पदर सारखा करत हसायची. आयुष्यभर ज्या गोष्टीसाठी बोलणी खाल्ली, तिच्यावरच आता घर चालतंय, याची तिला मोठी गंमत वाटायची.

सदा भांबावलेली म्हणून भांबू, हे नाव दादाने ठेवलेलं, ती पाच वर्षांची असताना. शाळेत बाईंनी काही विचारलं की ती आधी खिडकीकडे बघायची, मग फळ्याकडे, मग स्वतःच्या हातांकडे. कधीकधी उत्तर येतही असायचं. पण ते तोंडापर्यंत येईस्तोवर पुढच्या बाकावरची कुणीतरी सांगून मोकळी व्हायची आणि बाई म्हणायच्या, "लक्ष कुठंय तुझं?" घरी दादा तेच म्हणायचा, लग्नानंतर नवरा तेच म्हणू लागला. नवऱ्याचं किल्ल्या बनवायचं दुकान. माणूस वाईट नाही, पण दर चार वाक्यांनंतर "तुला नाही कळायचं" असं म्हटल्याशिवाय त्याला घास गिळवत नसे. असं पन्नास वर्षं ऐकलं की माणूस वाद घालायचं सोडून देतो. भांबूताईनेही सोडून दिलं होतं.

ऑफिसात ती लागली टेलिफोन उचलायला. कापडाच्या दुकानावरचा मजला, पाच टेबलं, चढताना गुडघा बोलेल असा जिना. फोन यायचे ते दातांच्या डॉक्टरांचे, शिवणक्लासवाल्यांचे, फर्निचरवाल्यांचे. प्रत्येकाचं म्हणणं एकच: आमच्या वेबसाइटवरची वेळ बदलायची आहे, फोटो बदलायचा आहे, कसा बदलू? हे फोन आधी चष्मेवाली घ्यायची. ती प्रोग्रॅमर, हुशार म्हणजे किती हुशार, पण तिने समजावायला सुरुवात केली की समोरचा माणूस गप्प गप्प होत जायचा आणि शेवटी "बरं बरं" म्हणून ठेवून द्यायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. एकदा चष्मेवाली रजेवर होती आणि तो फोन भांबूताईने घेतला. "थांबा हं," ती म्हणाली, "मलाही यातलं काही माहीत नाही. आपण दोघं मिळून बघू." अर्ध्या तासाने फर्निचरवाल्यांच्या कपाटाचा फोटो जागेवर लागला होता आणि दोघंही हुश्श करत होते. साहेब दारात उभे राहून ऐकत होते. ते म्हणाले, "ताई, हे सगळं लिहून काढा. पुस्तिका करू."

तेव्हा अडवही सुरू झाली. अडलेल्या जागांची वही, म्हणून अडवही. नियम तिने स्वतःच घातला होता: जिथे अडलं तिथे हात थांबवायचा, काय वाटलं ते जसंच्या तसं लिहायचं आणि मगच चष्मेवालीला विचारायचं. "अड १७. नाव आणि पासवर्ड टाकला. पान तसंच राहिलं. मला वाटलं झालं नाही, म्हणून तीनदा टाकला. पहिल्यांदाच झालं होतं." "अड ३२. फोटो आडवा लागला. मी मान वाकडी करून बघितला, मग लाज वाटली." अशा एकसष्ट अडी झाल्या आणि त्यांतून पहिली पुस्तिका उभी राहिली. साहेबांनी तिच्या पहिल्या पानावर भांबूताईच्याच हातचं वाक्य ठेवलं: "ही पुस्तिका अशा एका बाईने लिहिली आहे, जिला यातलं काही कळत नाही. तिला जमलं, तुम्हालाही जमेल."

क्लायंट ते वाक्य वाचून हसायचे आणि त्यांचा जीव भांड्यात पडायचा. फोन निम्म्यावर आले. भांबूताईने एक प्रत घरी नेली, तेव्हा नवऱ्याने पहिलं पान मोठ्यांदा वाचलं आणि म्हणाला, "हे मात्र खरं लिहिलंस हं." तिला राग आला नाही. त्या पानावर तिचं न कळणं छापून आलं होतं, आणि छापून आलेल्या गोष्टीचा मान वेगळा असतो.

पाच वर्षं अशी छान गेली आणि यंदा साहेबांनी सगळी यंत्रणाच बदलली. क्लायंट जिथे मजकूर दुरुस्त करतात ती पानं नवी, बटणं नवी, रंगसुद्धा नवे. म्हणजे पुस्तिकाही नवी. भांबूताईने कोरी अडवही काढली, वर तारीख घातली आणि अडायला बसली.

पण अडेचना. दोन आठवडे झाले तरी वहीत चारच अडी, त्यातली एक चष्मा घरी विसरल्याची. ती मजकूर बदलायची, बदलायचा. फोटो लावायची, सरळ लागायचा. दुसरी कुणी असती तर खूश झाली असती. भांबूताई वहीची कोरी पानं मोजत बसायची. साहेब येता-जाता विचारायचे, "काय, किती अडलात?" आणि ती वही पोटाशी धरायची. शेवटी तिने जे केलं ते सांगायला नको, पण केलं ते केलं: सात अडी तिने मनाने रचून लिहिल्या. खोटंखोटं अडकली. "अड ९. बटण सापडेना, घाम फुटला." कसला घाम आणि कसलं काय, पंख्याखाली बसून लिहिलं होतं ते. अकरा पानांची, बावीस पायऱ्यांची पुस्तिका तयार झाली. साहेबांनी वाचली, चष्मेवालीने वाचली, भांबूताईने तीनदा वाचली. कुणालाच काही खटकलं नाही. चौदा क्लायंटना ती गेली.

दहा दिवसांनी फोन सुरू झाले आणि गोंधळ काय असतो ते त्या ऑफिसला कळलं.

"पान बदलत नाही," दातांच्या डॉक्टरांची मदतनीस म्हणाली. "म्हणजे मी बदललं, मला दिसतंय. पण पेशंटना जुनंच दिसतंय." भांबूताईने लगेच इकडून त्यांचं पान उघडलं. मजकूर नवाच होता. एक पूर्णविराम राहिला होता तेवढा दिला आणि म्हणाली, "आता बघा बरं." तिकडून आवाज आला, "अगंबाई, दिसलं की!" शिवणक्लासवाल्यांचं तेच. फर्निचरवाल्यांचं तेच. भांबूताईने पान उघडून जरा कुठे हात लावला, की सगळं ठीक. चष्मेवालीला दाखवायला जावं, तर तोवर बिघाड नाहीसा झालेला असायचा. "माझ्याकडे ठीक दिसतंय," ती म्हणायची. हे एक वाक्य प्रोग्रॅमर लोकांना जन्मतःच येत असावं.

"यंत्रणेत काही नाही," चष्मेवाली ठामपणे म्हणाली. "लोक पायऱ्या गाळत असणार."

"पुस्तिका बघूनच करतायत गं," भांबूताई म्हणाली.

"मग तुम्ही करून बघा ना पुस्तिका बघून."

तिने केलं. बोट ठेवून एकेक पायरी वाचली, केली, बाविसाव्या पायरीला पान बदललेलं. पुन्हा केलं, पुन्हा बदललं. नऊ वेळा केलं आणि नऊ वेळा बदललं. आपल्या हातून होतं आणि चौदा शहाण्या माणसांच्या हातून होत नाही, हा प्रकार तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होता. तिचं डोकं पार चक्रावून गेलं. नेहमी याच्या उलट व्हायचं, आणि त्या उलट्याची तिला सवय होती.

सगळ्यांत जास्त फोन तरणतलावाच्या बाईंचे. त्यांनी मुलींच्या पोहण्याच्या वर्गाची वेळ सकाळी सहाऐवजी साडेसात केली होती, वेबसाइटवर लिहिली होती, स्वतःच्या डोळ्यांनी बघितली होती. आणि सोमवारी सकाळी सहाला अकरा मुली खांद्यावर टॉवेल टाकून बंद फाटकासमोर कुडकुडत उभ्या. "अकरा जणींच्या आयांनी माझी शाळा घेतली," बाई फोनवर गरजल्या. "मी तुमचं पुस्तक अक्षरन् अक्षर पाळलंय!"

त्या दिवशी साहेबांनी भांबूताईला समोर बसवलं. साहेब तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आणि विचारात पडले की पेनाचं टोपण चावणारे. बराच वेळ टोपणच चावलं. मग म्हणाले, "ताई, सोमवारपर्यंत बघू. हे नाहीच सुटलं तर पुस्तिका बंद करू. चष्मेवाली स्क्रीनवर करून दाखवेल, त्याचे व्हिडिओ पाठवू. मग तुमच्या टेबलाचं काय करायचं, त्याचा विचार करावा लागेल."

टेबल म्हणजे टेबल नव्हे, हे भांबूताईलासुद्धा कळलं. ती जिना उतरून खाली आली आणि कापडाच्या दुकानाच्या काचेसमोर उगाच उभी राहिली. जगात एकच जागा होती जिथे तिचं न कळणं कुणाच्या तरी कामाचं होतं, आणि तीही आता हातची जाणार होती. शिवाय का जाणार, तेही कळत नव्हतं.

संध्याकाळी ती नवऱ्याच्या दुकानात गेली. तो कानशीने एक किल्ली घासत होता. तिने त्याला सगळं सांगितलं, निम्मं त्याच्या डोक्यावरून गेलं असणार. तो किल्लीवर फुंकर मारत म्हणाला, "तुला नाही कळायचं. अगं, किल्ली दुकानात नऊ वेळा फिरली म्हणून काय झालं? गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन फिरवून बघ ना. कुलूप तिथे आहे."

बोलण्यातली खोच नेहमीचीच होती, पण म्हणणं सोळा आणे बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती तरणतलावावर गेली. पाण्याच्या कडेला काचेची एक खोली, आत टेबलावर संगणक आणि औषधासारखा पाण्याचा वास. तरणतलावाच्या बाई साठीच्या, खांदे रुंद, गळ्यात शिटी. आवाज असा, की पाण्यातल्या माणसाने पोहणं विसरावं. भांबूताईने खुर्ची त्यांच्या मागे ओढली आणि म्हणाली, "तुम्ही नेहमीसारखं करा. मी काही बोलणार नाही." मग स्वतःवर भरवसा नव्हता म्हणून दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली.

बाईंनी पुस्तिका उघडली आणि कवायत घ्यावी तशी वाचायला लागल्या. "पायरी एक!" पायरी वाचायच्या, ती करायच्या, "झाली!" म्हणायच्या आणि पुढे. कुठेही एक अक्षर जास्त नाही, एक कमी नाही. इतकं मन लावून आपलं लिहिलेलं कुणी वाचतंय, हे बघून भांबूताईला भरूनच आलं. पायरी एकवीस, वेळ बदलली. पायरी बावीस, सगळं एकदा वाचून बघितलं. "झाली!" बाई म्हणाल्या आणि त्यांनी स्क्रीनवरची खिडकी बंद केली.

आणि त्याच क्षणी भांबूताईच्या डाव्या मांडीखाली काहीतरी हललं.

तिचा डावा हात हलला होता. करंगळी आणि शेजारचं बोट, दोघं मिळून खुर्चीच्या फळीवर काहीतरी दाबू बघत होती. ती खाली बघत राहिली. हात बाहेर काढला आणि हवेत धरून बघितला. मग हळूहळू तिला आठवलं. पाच वर्षांपूर्वी चष्मेवालीने शिकवलं होतं: काम झालं की या दोन कळा एकदम दाबायच्या, मजकूर थेट लोकांना दिसायला लागतो. नाहीतर वर कोपऱ्यात एक बटण असतं, 'पब्लिश' लिहिलेलं, ते दाबावं लागतं. यंत्रणा बदलली, तरी या कळा त्याच राहिल्या होत्या, आणि भांबूताई पाच वर्षं त्या दाबत होती. इतक्या वेळा, की आता ती दाबत नव्हतीच, हातच दाबत होता. ऑफिसात नऊ वेळा करून बघितलं तेव्हा दाबल्या. फोन आला की पान उघडून पूर्णविराम दिला तेव्हाही दाबल्या. आणि पुस्तिकेत बावीस पायऱ्या लिहिल्या, त्यांत ही पायरीच नव्हती.

"पुढे?" तिने कसंबसं विचारलं.

"पुढे काय? पुस्तक संपलं," तरणतलावाच्या बाई म्हणाल्या.

भांबूताईच्या डोळ्यांत पाणीच आलं. "बाई, चुकलं हो माझं. शेवटची पायरी लिहिलीच नाही मी. मी ती करतेय हेच मला माहीत नव्हतं." आणि तिने हातांची गोष्ट सांगितली, खोट्या अडींसकट. वाटलं, आता शिटी वाजणार.

बाई खुर्ची तिच्याकडे वळवून एकदम हसल्या. "अहो, मी पहिल्या वर्षी पोरींना शिकवायची, हात मारा, पाय मारा, मान वळवा. एक पोरगी दहा हात गेली आणि निळी पडायला लागली. ओढून बाहेर काढली. म्हटलं, श्वास का नाही घेतलास? ती म्हणते, तुम्ही सांगितलं नाहीत." त्यांनी शिटी बोटांत फिरवली. "मी काय सांगणार? पाण्यात मी श्वास घेते, हे मला तरी कुठं ठाऊक होतं! ज्याला येतं ना, त्याचं हे असंच होतं."

"पण मला येत नाही," भांबूताई म्हणाली. सवयीनेच म्हणाली.

"मग ते बोट काय करत होतं?"

परत जाताना तिने बस घेतली नाही, चालत गेली. आपल्याला येतं. हे वाक्य तिने मनात दोन-तीनदा म्हणून बघितलं, पण ते दुसऱ्या कुणाचा तरी कोट अंगात घालावा तसं वाटत होतं. आनंद व्हायला हवा होता. झाली ती भीती. येत नाही म्हणून ठेवलेल्या बाईला यायला लागलं, तर तिचं करायचं काय?

साहेबांसमोर ती उभीच राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही. पब्लिशच्या बटणाचं सांगितलं, सात खोट्या अडींचं सांगितलं, आणि शेवटी चोरी कबूल करावी तशा आवाजात म्हणाली, "साहेब, मला आता येतं."

साहेबांच्या तोंडातलं टोपण तसंच राहिलं. चष्मेवालीने पुस्तिका ओढून घेतली, शेवटचं पान बघितलं, उलटून पुन्हा बघितलं. "मी वाचली होती," ती म्हणाली. "मला इथे पब्लिश दिसलं होतं. शपथ." आणि कपाळाला हात लावून हसायला लागली.

"मग आता काही न कळणारं माणूस कुठून आणायचं?" साहेब म्हणाले. त्यांना खरोखरच प्रश्न पडला होता.

"आणायला कशाला हवं? चौदा आहेत की," भांबूताई म्हणाली, आणि आपण इतक्या पटकन बोललो याचं तिलाच नवल वाटलं. "मी जाते त्यांच्याकडे. मला काही बोलायचं नाहीये तिथे. हात मांडीखाली घेऊन बसायचं आणि ते अडले की लिहून घ्यायचं. ते मला जमतं."

साहेबांनी चष्मेवालीकडे बघितलं. चष्मेवालीने मान हलवली. "सोमवारी दातांच्या डॉक्टरांकडे जा," साहेब म्हणाले. "पण आधी हे दुरुस्त करा. आणि ताई, ते पहिलं पानही बदला. ते वाक्य आता खोटं झालं."

पायरी तेवीस लिहायला पाच मिनिटं लागली. पहिल्या पानाला दुपार गेली. जुनं वाक्य खोडताना तिला कसंसंच झालं, ओळखीचं माणूस घराबाहेर काढल्यासारखं. मग कधी लिहिलं ते फार शहाणं झालं, कधी फार लोचट. पाच कागद चुरगळले. सहाव्यावर तिने काहीतरी लिहिलं, वाचलं, आणि पेन खाली ठेवलं. पुन्हा वाचलं आणि खिडकीकडे बघत बसली. चष्मेवालीने "झालं का?" म्हणून विचारलं, ते तिला ऐकूच गेलं नाही.

नवी पुस्तिका छापून आली तेव्हा नेहमीप्रमाणे एक प्रत घरी गेली. नवऱ्याने हात पुसले, चष्मा लावला आणि नेहमीप्रमाणे पहिलं पान मोठ्यांदा वाचायला घेतलं, तोंडावर आधीच हसू ठेवून:

"'ही पुस्तिका लिहिणाऱ्या बाईला हे काम आता येतं. त्यामुळे काही सांगायचं तिच्याकडून राहून गेलं असेल. वाचताना कुठे अडलात, तर तुमचं लक्ष नव्हतं असं समजू नका. चूक लिहिणारीची आहे, तुमची नाही.'"

हसू मध्येच कुठेतरी गळून पडलं. त्याने पान उलटलं नाही. बोट ठेवून शेवटच्या दोन ओळी पुन्हा एकदा वाचल्या, या खेपेला मनातल्या मनात.

"हे कुणासाठी लिहिलंस गं?" त्याने विचारलं.

"क्लायंटसाठी," भांबूताई म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली, कारण शाळेत फळ्यासमोर हातांकडे बघत उभी असलेली ती लहानगी भांबू पुन्हा तिच्या डोळ्यांसमोर आली होती.